झाड मान का टाकते?



न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावच्या सुजाण मंडळींनी तो पाठ गिरवला. इतिहास, वेदान्त, राज्यकारभार आणि साहित्य असे भारदस्त विषय या व्यासपीठांवर शोभतात. त्यांच्या पंक्तीत कुंडीतल्या वाटाण्यालाही एक पाट मांडावा, असे चालकांना वाटले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विषय लहान आहे हे खरे. परंतु तो जिथवर जातो ती जागा लहान नाही, हे तासाभरात आपल्या ध्यानी येईल अशी मला आशा आहे.

हल्ली साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, परसदार राहिले नाही. वाडे गेले, सदनिका आल्या. आणि परसातली भाजी गच्चीवर व सज्जात कुंड्यांतून चढली. हौसेने लावलेल्या भाज्यांत वाटाणा फार लाडका. पेरल्यापासून आठ-दहा दिवसांत तो वर येतो, सुतासारखे तणावे काढून काठीला धरतो, पांढरी फुले मिरवतो आणि घरातल्या मुलांना वेलीवरची शेंग तोडून तिथेच खाण्याचा आनंद देतो. असा हा वाटाणा एके दिवशी मान टाकतो. पाने मलूल होतात, शेंडा वाकतो. आता घरातली मंडळी काय करतात? आजी म्हणतात, “बिचाऱ्याला पाणी मिळालं नाही वाटतं,” आणि तांब्याभर पाणी घालतात. सूनबाई कामावर जाताना तेच पाहतात आणि तेच करतात. संध्याकाळी चिरंजीव येतात, तेही झारी उचलतात. तीन माणसांची माया एका कुंडीत उतरते आणि तीन दिवसांत झाड मरते. मग निष्कर्ष असा निघतो की, “आमच्या हाताला गुण नाही.”

हाताला गुण असतो की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण डोळ्यांना पाहण्याची शिस्त लावता येते, आणि आज मला त्या शिस्तीविषयीच बोलावयाचे आहे. माझे सांगणे थोडक्यात असे आहे: झाडाने मान टाकणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे, आणि हे एकच लक्षण अगदी परस्परविरुद्ध कारणांनी दिसू शकते. म्हणून पाण्याला हात लावण्यापूर्वी मुळाची चौकशी केली पाहिजे.

अंग तापले म्हणजे रोग कळला, असे कोणताही वैद्य म्हणत नाही. ताप हिवतापाचा असेल, विषमज्वराचा असेल, नुसत्या उन्हाचाही असेल. आपल्या पूर्वजांनी निदान आणि चिकित्सा हे दोन वेगळे शब्द ठेवले, आणि त्यांत निदान आधी ठेवले. माणसाच्या बाबतीत आपण हा क्रम पाळतो. झाडाच्या बाबतीत मात्र चिकित्सा आधी होते आणि निदान, झालेच तर, उत्तरक्रियेच्या वेळी होते.

तेव्हा प्रथम झाड ताठ उभे कसे राहते ते पाहू. वाटाण्याच्या वेलीत लाकूड नाही, हाड नाही. तिला ताठपणा देते ते पाणी. सायकलची ट्यूब हवा भरली की टणक होते आणि हवा गेली की लोळागोळा होते. तसेच वनस्पतीच्या प्रत्येक पेशीचे आहे, फक्त तिथे हवेच्या जागी पाणी असते. मुळे पाणी वर पाठवतात आणि पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून त्याची वाफ होऊन बाहेर पडते. आवक आणि जावक यांचा मेळ आहे तोवर पान ताठ. आवक कमी पडली किंवा जावक फार वाढली, की पेशी सैल पडतात आणि पान खाली येते. म्हणजे मान टाकलेले झाड आपल्याला एवढेच सांगत असते की, जमाखर्चात तूट आली आहे. तूट का आली, हे ते सांगत नाही. ते आपण शोधावयाचे.

हा जमाखर्च पहिल्यांदा ज्याने काटेकोर मांडला, तो स्टीफन हेल्स नावाचा इंग्रज धर्मोपदेशक होता. त्याने 1724 च्या उन्हाळ्यात साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड कुंडीत वाढवले. मातीतून वाफ उडू नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केले, आणि सकाळ-संध्याकाळ ती कुंडी तराजूत घातली. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरीने 1 पौंड 4 औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत सोडते, असे त्याला आढळले. 1727 साली त्याने हे सारे प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. झाडे पाणी पितात हे जगाला आधीपासून ठाऊकच होते. किती पितात हे कुंडी उचलून पाहिल्यावर कळले. कुंडी उचलून पाहण्याची ही युक्ती आपल्याला आज उपयोगी पडणार आहे.

आता अशी कल्पना करा की, सांगलीतल्या एका गच्चीवर वाटाण्याच्या चार कुंड्या एका ओळीत ठेवल्या आहेत. दुपारी चार वाजता पाहिले तर चारही कुंड्यांतील वेलींनी मान टाकली आहे. दिसायला चारही सारख्या. आपण त्यांना चार प्रश्न विचारू. वेळ, वजन, मूळ आणि खोड, असे ते चार प्रश्न आहेत. हे चार शब्द ध्यानात राहिले, तर बाकीचे व्याख्यान विसरलात तरी हरकत नाही.

पहिला प्रश्न वेळेचा. झाड केव्हा मान टाकते? दुपारी की सकाळीसुद्धा? दुपारी चारला दिसलेल्या अवस्थेवरून कोणताही निर्णय करू नये. रात्र जाऊ द्यावी आणि सूर्योदयाच्या सुमारास पुन्हा पाहावे. रात्री जावक जवळजवळ थांबते आणि मुळांना तूट भरून काढायला सवड मिळते. सकाळी पहिल्या कुंडीतील वेल टवटवीत दिसली, तर ती निरोगी आहे. ती दुपारी केवळ उन्हाला कंटाळली होती.

वाटाणा हे मुळात थंडीचे पीक. दिवसाची हवा पंधरा-वीस अंश सेल्सियसच्या आसपास असली म्हणजे ते सुखात असते; पारा तिशीच्या पुढे गेला की फुले गळू लागतात. साताऱ्याची हवा त्याला बरी मानवते. सांगली उंचीने कमी आणि उन्हाने कडक, तिथे थंडीतसुद्धा दुपारी ऊन चढते. त्यातून कुंडी सिमेंटच्या गच्चीवर, पश्चिमेच्या कठड्याला टेकलेली आणि तीही काळ्या प्लॅस्टिकची असली, म्हणजे आतले मूळ अक्षरशः शेकून निघते. शेतातल्या मुळाला खाली थंड माती असते. कुंडीतल्या मुळाला पळून जायला जागा नाही. अशा वेळी जास्त पाणी हा उपाय नव्हे. कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे, मातीवर उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला पसरावा, दुपारनंतर सावली येईल अशा जागी कुंडी सरकवावी. आणि पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात उरकावी. संक्रांतीनंतर पेरलेला वाटाणा सांगलीच्या फाल्गुनात तग धरत नाही. त्यात झाडाचाही दोष नाही आणि माळ्याचाही नाही, दोष पंचांगाचा आहे.

दुसरा प्रश्न वजनाचा. सकाळीही मान खाली असेल, तर कुंडी उचलून पाहा. उचलण्यासारखी नसेल, तर मातीत बोट दोन पेरे खोल घाला. दुसरी कुंडी हलकी लागली, माती कोरडी निघाली, तर ही खरी तहान आहे. इथे पाणीच औषध. परंतु तेही नीट द्यावे लागते. आपल्याकडील काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जाते. ताटलीत पाणी दिसते, माणसाचे समाधान होते, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. कोकोपीटचेही असेच आहे. ते एकदा कडकडीत वाळले की पाणी लवकर धरत नाही. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी, मग काढून निथळू द्यावी. तहानेने मलूल झालेला वाटाणा काही तासांत मान वर करतो. जो करत नाही, त्याचे दुखणे वेगळे आहे असे समजावे.

तिसरी कुंडी उचलली तर जड. माती ओली, गार, काहीशी आंबूस वासाची. वेल मात्र तहानल्यासारखी मलूल. इथे माणसाची बुद्धी चकते. ओल्या मातीत झाड तहानेने कसे मरेल? पण ते तसेच मरते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे घरोघरच्या कुंड्यांत उन्हापेक्षा याच कारणाने अधिक झाडे मरतात.

याचे कारण असे की मूळ श्वास घेते. मुळाला जिवंत राहायला आणि आपले काम करायला शक्ती लागते आणि शक्तीसाठी प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमध्ये ज्या पोकळ्या असतात, त्यांत काही पाणी आणि काही हवा असावयास हवी. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेचा मार्ग बंद होतो, कारण प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मूळ गुदमरते. गुदमरलेले मूळ आपली दारे लावून घेते आणि भोवती पाणी असूनही ते आत घेत नाही. वर पाने मात्र वाफ सोडतच असतात. जमाखर्चात तूट येते आणि झाड मान टाकते. चिन्ह तेच, कारण नेमके उलटे.

सांगलीकरांना हे व्याख्यानातून शिकण्याची गरज नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णाकाठची उभी पिके दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली. पूर ओसरल्यावर चिखलात उभी असलेली ती पिवळी, मलूल रोपे आपण पाहिली आहेत. पाण्याची कमतरता म्हणून ती सुकली, असे कोण म्हणेल? कुंडीत आपण जो पूर आणतो, तो तांब्याने आणतो इतकाच फरक.

इथे तिसरा प्रश्न येतो, मुळाचा. कुंडी आडवी करून, बुंध्याशी दोन बोटांत वेल धरून, मातीचा गोळा अलगद बाहेर काढावा. एका झाडाचा जीव गेला तरी चालेल, बाकीची वाचतील. निरोगी मूळ पांढरे, टणक असते. गुदमरलेले मूळ तपकिरी, मऊ होते; चिमटीत धरून ओढले तर वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. ही मूळकूज. हवा नसलेल्या मातीत पाण्यातून पोहत जाणाऱ्या बुरश्या माजतात आणि अशक्त मुळांवर तुटून पडतात. आधी पाणी, मग बुरशी, असा त्यांचा क्रम असतो. मुळे निम्म्याहून अधिक पांढरी असतील, तर पाणी थांबवावे, भोक मोकळे करावे, कुंडी विटांवर उचलून ठेवावी. झाड सावरण्याची आशा असते. सगळीच गेली असतील, तर शोक आवरून पुढच्या कुंडीकडे वळावे.

तळाच्या भोकाविषयी एक गैरसमज इथेच दूर करतो. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवणे योग्य आहे, त्याने माती वाहून जात नाही. पण निचरा व्हावा म्हणून तळाशी खडीचा जाड थर घालण्याची जी रीत आहे, तिने निचरा होत नाही. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते खडीच्या वर, मातीच्या तळाशी अडून बसते. खडीने फक्त मुळांची जागा घेतली जाते आणि चिखल दोन बोटे वर चढतो. निचरा हवा तर तो सबंध मातीत हवा. एकटी काळी माती कुंडीत घालूच नये. गाळाची किंवा तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि जाड वाळू यांचे मिश्रण करावे. मूठभर ओले करून मुठीत दाबले तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचले तर फुटावा. कुंडी निदान वीतभर खोल असावी.

मूळ हातात आहेच, तर त्यावरच्या गाठीही पाहून घ्या. गाठी दोन प्रकारच्या असतात, एक मित्राची आणि एक शत्रूची. मित्राची गाठ मुळाच्या बाजूला मण्यासारखी चिकटलेली असते, बोटाने सहज निखळते, आणि नखाने फोडली तर आतून गुलाबी निघते. हवेतला नत्र पकडून झाडाला देणाऱ्या सूक्ष्मजीवांचे ते घर आहे. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या चुलतभावाचा आहे. शत्रूची गाठ ही मुळालाच आलेली सूज असते, ती निखळत नाही. ती सूत्रकृमींची. पहिली पाहून घाबरू नये आणि दुसरी पाहून आनंदू नये. सूत्रकृमींची माती पुन्हा कोणत्याही भाजीला वापरू नये.

आता चौथी कुंडी. हिच्यात चार वेली आहेत, तीन बऱ्या आहेत आणि एकच मलूल आहे. माती ना कोरडी, ना चिखल. मुळे बऱ्यापैकी शाबूत दिसतात. पण खालची पाने पिवळी पडून वर वर पिवळेपणा चढत चालला आहे, पानांच्या कडा खाली वळल्या आहेत. आधी बुंधा पाहावा. मातीलगत कुरतडला असेल तर ते अळीचे काम. काठीला बांधताना पिचला असेल तर ते आपले काम. बुंधा धड असेल, तर चौथा प्रश्न, खोडाचा. धारदार पात्याने बुंध्याजवळचे खोड उभे चिरावे. आत मध्यभागी पिवळट-नारिंगी किंवा तपकिरी रेघ दिसली, तर निदान झाले. ही मर.

आपल्या शेतकऱ्याला मर हा शब्द नवा नाही. तूर आणि हरभरा उबळतो म्हणून तो सांगतो, तोच हा प्रकार. फ्यूजेरियम नावाची बुरशी मुळातून आत शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांतच ठाण मांडते. नळ्या तुंबतात आणि वरचे झाड भरल्या विहिरीपाशी तहानेने मरते. तुरीवरच्या मर रोगाचा आपल्या देशातील पायाभूत अभ्यास बटलर या शास्त्रज्ञाने बिहारमधील पुसा येथे केला आणि 1910 साली त्या बुरशीचे वर्णन प्रसिद्ध केले. वाटाण्यावरची बुरशी तिच्या गोत्यातली, पण तिची जात वेगळी आहे. माती ऊबदार असली की ती जोर धरते. मातीत ती वर्षानुवर्षे, दहा वर्षांहूनही अधिक काळ, झोपी जाऊन राहू शकते.

मर लागलेल्या झाडाला औषध नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रोग नळीच्या आत आहे आणि आपली फवारणी पानाच्या बाहेर. असे झाड मुळासकट उपटून जाळावे, खताच्या खड्ड्यात टाकू नये. त्या मातीत पुन्हा वाटाणा लावू नये. मेथी, पालक, कांदा अशी फेरपालट करावी. बी पेरताना ट्रायकोडर्मा ही मित्र-बुरशी बियांना चोळावी. आणि मर सोसणाऱ्या जातीचे बी मिळाले तर उत्तम.

हे मर सोसणे आनुवंशिक असते. 1856 ते 1863 या काळात ब्रनो येथील मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्याची हजारो झाडे वाढवली आणि गुण पिढ्यांतून कसे उतरतात याचे नियम शोधले. त्याच नियमाने मर सोसण्याचा गुणही एकाच प्रभावी घटकाकडून येतो, असे 1929 साली वेड या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले. म्हणजे ज्या वेलीने आनुवंशशास्त्राला जन्म दिला, तिच्याच एका रोगाला त्या शास्त्राने उत्तर शोधले.

पाने खराब करणारे इतरही रोग-किडी आहेत. भुरीने पान पिठात लोळल्यासारखे पांढरे होते, नागअळी पानावर नागमोडी रेघा काढते, मावा शेंड्याला चिकटतो. परंतु त्यांनी झाड एकाएकी मान टाकत नाही. त्यांचा विचार निराळा करावा. दोन दुखण्यांची सांगड घालू नये.

चार प्रश्न संपले. पण कृष्णाकाठी बोलताना पाचव्या कुंडीविषयी बोललेच पाहिजे. तिच्या कडेवर आणि मातीवर पांढरा थर चढलेला असतो. पानांच्या कडा करपतात, वेल खुरटते आणि माती ओलसर असूनही मलूल होते. नगरपालिकेचे पाणी पुरत नाही म्हणून बोअरचे खारट पाणी घातले, किंवा हौसेने खताची मूठ मोठी झाली, की असे होते. त्याचे कारण आपल्या भगिनींना विज्ञानाच्या पुस्तकावाचून ठाऊक आहे. सध्या घरोघर कैरीचे लोणचे घालण्याचे दिवस आहेत. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की काय होते? फोडी पाणी सोडतात. मीठ फोडीतले पाणी बाहेर ओढते. मातीत मीठ साचले की मुळाची तीच फोड होते. पाणी आत येण्याऐवजी अडून राहते, बाहेर जाऊ पाहते. आणि वाटाण्याला मीठ फार थोडे सोसते. अशा कुंडीत गोडे पाणी भरपूर घालून दोन-तीन वेळा खालून निथळून जाऊ द्यावे. पण तळाचे भोक मोकळे असेल तरच, हे विसरू नये. भोक बुजलेले असेल, तर पाणी उडून जाईल आणि मीठ तिथेच राहील.

मित्रहो, ही पाचवी कुंडी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती गच्चीवर नाही. ती मिरज आणि वाळवा तालुक्यांच्या शिवारात आहे, आणि ती हजारो एकरांची आहे. तिचे नाव क्षारपड जमीन.

तिची कथा अक्षरशः कुंडीची कथा आहे. काळी, भारी, निचरा मंद असलेली माती. उपसा सिंचनाने आलेले मुबलक पाणी. वर्षभर शेतात उभा असलेला ऊस आणि त्याला पाट फोडून दिलेले मोकाट पाणी. पूर्वीचे नैसर्गिक नाले बुजले, बांध घातले गेले. म्हणजे पाणी घालणारे हात अनेक, आणि तळाचे भोक बंद. जमिनीखालचे पाणी वर्षागणिक वर चढले, आपल्याबरोबर क्षार घेऊन आले. उन्हाने पाणी उडाले आणि क्षार वर राहिले. मग ऊस पिवळा पडू लागला, उतारा घटला. शेतकऱ्याला वाटले, पाणी आणि खत कमी पडते. त्याने दोन्ही वाढवले. आजींच्या तांब्यात आणि या पाटाच्या पाण्यात तत्त्वतः काही भेद नाही. दोघांचीही माया खरी आणि दोघांचेही निदान चुकलेले.

हा धोका कुणी सांगितला नव्हता असे नाही. नीरा नदीचा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला आणि पाव शतकाच्या आत तिथल्या जमिनी खारावू लागल्या. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी ताम्हाणे यांच्या सहकार्याने नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून 1910 साली तो प्रसिद्ध केला. नीरा म्हणजे साताऱ्याच्या सीमेवरची नदी. शंभर वर्षांपूर्वी आपल्या उंबऱ्यावर निदान लिहून ठेवलेले होते. आपण कृष्णाकाठी तोच प्रयोग पुन्हा केला.

उपाय नाही असेही नाही. उपाय कुंडीचाच आहे: भोक मोकळे करणे. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून साचलेले पाणी बाहेर काढावयाचे, त्याबरोबर क्षार वाहू द्यावयाचे. मग जिप्सम, ताग-धैंचाची हिरवळीची खते आणि ठिबकने मोजून पाणी. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनींवर काम झाले आहे, आणि या भागातील काही गावांनी नळ्या टाकून जमिनी पुन्हा पिकत्या केल्या आहेत. पण एकट्याने निचरा करता येत नाही. माझ्या शेतातून निघालेले पाणी शेजाऱ्याच्या बांधाशी अडले, तर माझे दुखणे त्याला जाईल. नाला सर्वांचा, म्हणून उपायही सर्वांनी मिळून करावयाचा.

याच्या जोडीला दुसरे चित्र ठेवून पाहा. महाबळेश्वरी वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटावला आणि सांगलीच्या जत-आटपाडीला तो पाचशेच्या आसपास मिळतो, आणि तोही भरवशाचा नाही. तिथल्या भगिनींनी टँकरपाशी हंडे घेऊन उन्हात घालवलेले तास आपण वर्तमानपत्रांत वाचले आहेत. एका तालुक्यात पाण्यावाचून पीक मान टाकते आणि शेजारच्या तालुक्यात पाण्याने. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही शेते सारखीच सुकलेली दिसतील. दोघांवर एकच उपाय सांगणारा माणूस, मग तो कितीही सद्भावनेचा असो, एकाचे नुकसान केल्यावाचून राहणार नाही. गुदमरलेल्या झाडाला घातलेला तांब्या हा त्या झाडाचा घात तर आहेच, पण ज्याला तो मिळावयास हवा होता, त्याच्या तोंडचा घासही आहे.

आता वैशाखाचे दिवस आहेत आणि वाटाण्याचा हंगाम सहा महिने दूर आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर काय करावे, ते सांगून थांबतो. ज्या कुंड्यांतील झाडे गेल्या हंगामात मेली, त्यांची माती बाहेर काढा. गच्चीवर चार-पाच बोटे जाडीचा थर पसरा, ती ओलसर करा आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा चारी बाजूंनी दाबून टाका. काळे प्लॅस्टिक नको. पारदर्शकातून ऊन आत जाते आणि ऊब बाहेर येत नाही. चार ते सहा आठवडे ती तशीच तापू द्या. इस्राएलमध्ये कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली ही रीत शास्त्रीय कसोटीवर सिद्ध केली. आपला शेतकरी उन्हाळी नांगरट करून माती तापवतो, त्याच विचाराचे हे धाकटे भावंड आहे. या तापण्याने मरीची सगळी बुरशी जात नाही, पण तिचा जोर पुष्कळ मोडतो. पाऊस सुरू होण्याआधी माती भरून ठेवा, भोके तपासा, मिश्रण सुधारा.

आणि कार्तिकात नवा वाटाणा उगवल्यावर त्याने एखाद्या दुपारी मान टाकली, तर घरातल्या सर्वांना एक नियम घालून द्या. झारी उचलण्यापूर्वी कुंडी उचलावयाची. सकाळपर्यंत थांबावयाचे. बोट मातीत घालावयाचे. शंका उरली तर मूळ पाहावयाचे, खोड चिरावयाचे. घरातल्या मुलांना हे काम द्या. त्यांना ते खेळासारखे वाटेल. जे मूल कुंडीतले झाड का मेले याचे खरे कारण शोधायला शिकते, ते मोठेपणी शिवाराचे आणि गावाचे दुखणे पाहतानाही पहिल्याच उत्तरावर समाधान मानणार नाही.